खिशांतील गाणें : एक परीक्षण

एखाद्या ग्रंथकाराची लेखणी कायमची थांबली म्हणजे टीकाकाराला एक प्रकारची निश्चिंती येते. पुढच्या ग्रंथांत तो आपले दोष सुधारील ही आशा उरत नाहीं, आणि आपलें मत तो पुढें खोटें पाडील ही भीतिहि उरत नाहीं. खिशांत घालून हिंडतां येणाऱ्या गाण्याच्या यंत्राची आज जवळजवळ तीच अवस्था झाली आहे. सोनी कंपनीचा पहिला वॉकमन १ जुलै १९७९ रोजीं जपानांत विक्रीस आला. कॅसेटच्या वॉकमनचें जपानांतील उत्पादन २०१० मध्यें थांबलें. अ‍ॅपल कंपनीचा आयपॉड २००१ च्या आक्टोबरांत जन्मला, आणि २०२२ च्या मे महिन्यांत त्याचा शेवट जाहीर झाला. शौकिनांसाठीं अशीं यंत्रें अजून थोडींबहुत निघतात. परंतु सामान्य माणसानें गाण्यापुरतें वेगळें यंत्र बाळगण्याचे दिवस टेलिफोननें संपविले आहेत. तेव्हां या यंत्राचें समग्र वाङ्मय पुढें घेऊन त्याचे गुणदोष पाहण्यास आतां हरकत नसावी. मी संगीताचा शास्त्रज्ञ नव्हे. इंग्रजी वाङ्मय शिकविणें हा माझा व्यवसाय आणि गाणें ऐकणें हें माझें व्यसन. १९८८ सालीं माझ्या मावसभावानें मस्कतहून आणलेला एक वॉकमन पुण्याच्या वसतिगृहांत तीन वर्षें माझ्या उशाशीं होता, एवढाच काय तो माझा या विषयावरील अधिकार.

या यंत्रावरचा सर्वांत जुना आक्षेप असा कीं, त्यानें माणसाला माणसांतून उठविलें. कानांवर हेडफोन चढवून बसलेला मुलगा घरांत असून नसल्यासारखा, ही तक्रार कोणत्या घरांत ऐकूं आली नसेल? गंमत अशी कीं, हा आक्षेप प्रथम सुचला तो खुद्द यंत्राच्या जनकांस. कंपनीचे एक संस्थापक मासारू इबुका यांना लांबच्या विमानप्रवासांत संगीत ऐकण्यासाठीं लहानसें यंत्र हवें होतें. म्हणून बातमीदारांसाठीं बनविलेल्या ध्वनिमुद्रकांतून मुद्रणाची सोय काढून टाकून तें घडविण्यांत आलें. ज्यावर कांहीं मुद्रितच होत नाहीं असें यंत्र घेणार कोण, अशी शंका कंपनींतच निघाली. दुसरे संस्थापक अकिओ मोरिता यांनीं तें यंत्र घरीं नेलें, तेव्हां आपण गाण्यांत दंग आहों आणि पत्नी मात्र बाहेर राहिल्यामुळें नाराज झाली आहे, हें त्यांच्या ध्यानांत आलें. ही हकीकत त्यांनींच आपल्या आत्मचरित्रांत सांगितली आहे. त्यामुळें तेहतीस हजार येन किंमतीच्या त्या पहिल्या वॉकमनला हेडफोन लावण्याच्या जागा दोन होत्या, आणि शिवाय एक नारिंगी कळ होती. ती दाबली कीं गाण्याचा आवाज खालीं जाई आणि यंत्रांतील लहानशा मायक्रोफोनमधून दोघां ऐकणारांना एकमेकांशीं बोलतां येई.

किती सभ्य कल्पना ही! गाणें ऐकतांना शेजाऱ्याला विचारल्यावांचून राहूं नये, हा बैठकीचा संस्कार त्या नारिंगी कळींत उतरला होता. परंतु गिऱ्हाइकांना प्रत्येकीं आपापलें यंत्र हवें होतें. पुढच्या नमुन्यांत ती कळ नाहींशी झाली, आणि कालांतरानें हेडफोनची दुसरी जागाहि गेली. म्हणजे एकटेपणा यंत्रानें लादला नाहीं. लोकांनीं तो मागून घेतला. शुहेइ होसोकावा या जपानी अभ्यासकानें १९८४ मध्यें वॉकमनवर एक निबंध लिहिला. त्यांत या एकटेपणाकडे रोग म्हणून न पाहतां शहरांतून चालणाऱ्या माणसाचें स्वातंत्र्य म्हणून पाहिलें आहे. मला तो विचार सर्वस्वीं पटत नसला, तरी त्यांत एक तथ्य आहे. आपल्याकडे कादंबऱ्या प्रथम घरांत शिरल्या तेव्हां त्या वाचीत बसणाऱ्या मुलांवर, आणि विशेषतः सुनांवर, हाच आरोप होत असे. एकत्र कुटुंबांत ज्याला एकांत मिळतो त्याच्याविषयीं इतरांना संशय येतोच.

हा एकांत कोणाला किती मोलाचा होता हें मला पुस्तकांतून कळलें नाहीं, आत्याकडून कळलें. माझी ही आत्या ऐन तारुण्यांत विधवा झाली आणि पुढचें सारें आयुष्य थोरल्या काकांच्या घरीं राहिली. त्या घरांतला रेडिओ काकांच्या हातचा. त्यावर बातम्या लागत, कीर्तन लागे, क्वचित् नाट्यसंगीत लागे. आणि तेंहि काकांची झोपायची वेळ झाली कीं पद अर्धें राहो वा पुरें, बंद होई. १९९१ मध्यें शिक्षण संपवून मी नोकरीस लागलों तेव्हां तो जुना वॉकमन मीं आत्याला देऊन टाकला. बरोबर भजनांच्या दोन कॅसेटी दिल्या. महिन्याभरानें भेटीस गेलों तेव्हां तिनें मला माजघरांत बोलावून हळूच सांगितलें, "अरे, पुढच्या खेपेला एखादी लावणीची आण. त्या सुलोचनाबाई चव्हाणांची. पण डबी मात्र हरिपाठाची असूं दे हो. दादाच्या दृष्टीस पडायला नको."

मीं तशी आणून दिली. त्यानंतर कित्येकदां मीं तिला सूप घेऊन तांदूळ निवडतांना पाहिलें आहे. डोक्यावर पदर, पदराखालीं हेडफोन, चेहऱ्यावर हरिपाठाला साजेल अशी शांति. आणि जमिनीवर टेकलेल्या पायाचा अंगठा मात्र ढोलकीच्या बोलावर हलत असे. साठीच्या घरांतल्या त्या बाईनें आयुष्यांत प्रथमच स्वतःच्या निवडीचें गाणें ऐकलें तें अशा रीतीनें. माणसांतून उठविणाऱ्या या यंत्रावर जेव्हां जेव्हां मी टीका वाचतों, तेव्हां तेव्हां मला तो अंगठा आठवतो आणि टीकाकार बहुधा ज्याच्या हातीं रेडिओची कळ असते त्याच वर्गांतला असावा असें वाटूं लागतें.

विद्यार्थ्याला या यंत्रानें जें दिलें तेंहि थोडें नव्हे. गुरु एक तान वीसदां घेऊन दाखवीत नाहीं, कॅसेट दाखविते. ध्वनिमुद्रिकेंतून गाणें शिकण्याची चाल अर्थात् त्यापूर्वींचीच आहे. अब्दुल करीमखाँसाहेबांची झिंझोटींतील ठुमरीची तबकडी कानीं पडल्यानें लहानग्या भीमसेन जोशींच्या मनानें घेतलें आणि पुढें त्यांनीं गाण्यासाठीं घर सोडलें, ही कथा सर्वश्रुत आहे. परंतु ती तबकडी तीनसाडेतीन मिनिटांची आणि ती वाजविणारा फोनो दुसऱ्याचा. खिशांतल्या यंत्रानें तबकडीची ही शाळा रात्रीं-बेरात्रीं, खोलींतल्या सोबत्याची झोप न मोडतां, चालूं केली. यांत एक तोटा आहे तो असा कीं, ख्यालगायन हें मुळांत दर वेळीं नव्यानें घडणारें. तें एकदां मुद्रित होऊन शंभरदां ऐकलें गेलें कीं विद्यार्थ्याला तें संहितेसारखें पाठ होतें, आणि गवयाला ऐन वेळीं सुचलेली जागा हा शिष्य नियम समजून बसतो. पण हा दोष ध्वनिमुद्रणाचा आहे. त्याला पाय फुटल्याचा नव्हे.

आणखी एक उपकार या यंत्राच्या खातीं मांडला पाहिजे. पुण्यांत १९५३ पासून चालत आलेला सवाई गंधर्व महोत्सव पूर्वीं रात्ररात्र रंगे. उत्तररात्रींचे आणि पहाटेचे राग ऐकूनच लोक घरीं परतत. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनीं उघड्यावरच्या ध्वनिक्षेपकांस रात्रीं दहाची मर्यादा घातली. पुढें वर्षांतील थोडक्या दिवसांपुरती ती बारापर्यंत सैल करण्याची मुभा राज्यांना मिळाली. नियम चुकीचा आहे असें मी म्हणत नाहीं. मंडपाशेजारीं राहणाऱ्या आजाऱ्याला ललत आणि लाऊडस्पीकर यांतला भेद कळण्याचें कारण नाहीं. पण त्यामुळें ललत आणि भटियार या रागांची मोठ्या मंडपांतली वाट फार अरुंद झाली, आणि त्यांना त्यांच्या वेळेवर ऐकण्याचें एक स्थान उरलें तें म्हणजे पहाटे फिरावयास निघालेल्या माणसाचा खिसा. तोच माणूस दुपारीं दोन वाजतां मारवा लावून जेवणावर बसतो हें मला ठाऊक आहे. स्वातंत्र्य म्हटलें कीं त्यांत असे अपराध यावयाचेच.

आतां दोषांकडे वळूं. कानांच्या आरोग्याचा प्रश्न वैद्यांचा आहे. आठवड्यांतून चाळीस तास ऐकावयाचें असेल तर प्रौढ माणसानें ऐंशी डेसिबलच्या वर जाऊं नये, अशी मर्यादा जागतिक आरोग्य संघटनेनें सांगितली आहे. बसच्या खडखडाटावर मात करण्यासाठीं आवाज चढविणारांनीं ती लक्षांत ठेवावी इतकेंच म्हणतों. नादाच्या शुद्धतेचा प्रश्न अधिक नाजूक आहे. एमपी-थ्री या पद्धतीनें गाणें साठवितांना माणसाच्या कानाला जें ऐकूं येणार नाहीं असें गणितानें ठरतें, तें टाकून दिलें जातें. सेकंदाला १२८ किलोबिट या दरानें केलेली प्रत मूळ कॉम्पॅक्ट डिस्कच्या सुमारें अकराव्या हिश्शाएवढी असते. एरव्ही या कंजूषपणाचें फारसें वाईट वाटत नाहीं. तंबोरा लागला कीं मात्र वाटतें. जवारीतून उठणारे जे सूक्ष्म स्वर एकमेकांत मिसळून खोली भरून टाकतात, नेमका त्यांवर हा हिशेबनीस हात मारतो. तंबोऱ्याचा असा सांगाडा झालेला ऐकणें म्हणजे चित्राची चौकट पाहून चित्र पाहिल्याचें समाधान मानणें आहे.

परंतु माझा मुख्य आक्षेप यांपैकीं कोणताच नव्हे. तो समजण्यासाठीं मला पुन्हां वसतिगृहाच्या खोलींत जावें लागेल.

माझ्यापाशीं त्या वेळीं चारपांचच कॅसेटी होत्या. त्यांतली एक किशोरी आमोणकरांची. एका बाजूस भूप, दुसऱ्या बाजूस बागेश्री. भूपाची द्रुत चीज तेव्हां महाराष्ट्रांत घरोघर ऐकूं येई आणि मलाहि तीच काय ती हवी होती. तिच्या आधींचा विलंबित ख्याल मला, खरें सांगावयाचें तर, लांबण वाटे. पण वॉकमनला दोन पेन्सिल सेल लागत, आणि फीत पुढें पळविली कीं ते भराभर संपत. महिन्याच्या खर्चांत सेलांसाठीं ठेवलेली रक्कम ठरलेली. फीत मागें घ्यावयाची तर आम्ही यंत्राला हात न लावतां कॅसेटच्या भोंकांत षट्कोनी पेन्सिल घालून ती गरागरा फिरवीत असूं. पुढें नेण्यालाहि तोच उपाय होता; पण अंधारांत, पांघरुणांतून हात काढून, पेन्सिल शोधण्याचा कंटाळा. मग काय करणार? विलंबित ऐकत पडून राहावयाचें. गणपतींपासून दिवाळीपर्यंत मीं तो ख्याल असा नाइलाजानें ऐकला. दिवाळीच्या सुटीनंतर केव्हां तरी माझ्या ध्यानांत आलें कीं, गांधारावर ती बाई येऊन थांबते तेव्हां मी श्वास धरून असतों. आणि नाताळाच्या सुमारास द्रुत चीज सुरू झाली कीं मला वाईट वाटूं लागलें होतें, कारण आतां तें संपणार.

माझी ही रसिकता, पाहा, माझ्या बुद्धीची कमाई नव्हे. ती सेलांच्या किंमतीची कमाई आहे. त्या यंत्रांत गाणें सोडून जाणें खर्चाचें होतें. बैठकींतहि तें खर्चाचें असतें. फक्त तेथें पैशांऐवजीं अब्रूचा खर्च. ख्याल चालू असतां मधूनच उठून जाणाऱ्याकडे सारी बैठक वळून पाहते, म्हणून माणूस बसून राहतो, आणि बसून राहिल्यामुळेंच पुष्कळदां त्याला गाणें कळतें. पहिला आयपॉड आला तेव्हां हजार गाणीं खिशांत मावतात ही त्याची ख्याति होती. हजार गाण्यांत मला कांहीं वावगें दिसत नाहीं. ज्याच्या घरीं हजार ग्रंथ आहेत त्याला कोणी दोष देत नाहीं. पण त्या यंत्राच्या चाकावर अंगठा फिरविला कीं न आवडलेलें गाणें विनामूल्य, विनाकष्ट, विनासंकोच नाहींसें होई. २००५ मध्यें त्याच कंपनीनें एक बिनपडद्याचें यंत्र काढलें. त्यांत गाणीं हव्या त्या क्रमानें मिसळून वाजविण्यावरच भर होता. पुढें काय येणार हें ऐकणाराला ठाऊक नसे, ही एका अर्थानें चांगली गोष्ट. परंतु जें आलें तें टाळण्याची कळ तेथेंहि अंगठ्याखालींच होती. आणि आतां टेलिफोनमध्यें तर ती कळ दाबण्यापूर्वींच यंत्र आपली आवड ओळखून नावडतें बाजूला काढून ठेवतें.

माझ्या वर्गांत दरवर्षीं मिल्टनच्या महाकाव्याचा एक सर्ग लावलेला असतो. पूर्वीं विद्यार्थी तो कंटाळत कंटाळत वाचीत; हल्लीं कंटाळा येण्याइतकाहि वाचीत नाहींत. कंटाळा हा कांहीं कलेचा शत्रु नव्हे, पुष्कळ वेळां तो तिचा उंबरठा असतो, असें मी वर्गांत म्हणतों तेव्हां मुलें नम्रपणें हसतात. हा दोष सर्वस्वीं आयपॉडच्या माथीं मारण्याइतका मी अविचारी नाहीं. पण सोडून जाण्याची संवय ज्या अनेक शाळांत लागते, त्यांतली ही एक मोठी शाळा होती, असें माझें मत आहे.

याच्या उलट टोंकाला असलेलें एक यंत्र २०१७ मध्यें आपल्याकडे निघालें: सारेगामा कंपनीचें कारवाँ. ही कंपनी म्हणजे पूर्वींची ग्रामोफोन कंपनी ऑफ इंडिया. दिसण्यांत जुन्या रेडिओसारखें. आंत पांच हजार जुनीं हिंदी गाणीं आधींच भरलेलीं. इंटरनेट नको, निवड नको. गुंडी फिरवून एखाद्या गायकाचें नांव लावावें आणि पुढें यंत्र देईल तें ऐकावें. वाङ्मयाच्या भाषेंत बोलावयाचें तर वॉकमन ही कोरी वही, आणि कारवाँ हा पालग्रेव्हच्या 'गोल्डन ट्रेझरी'सारखा निवडक संग्रह. निवडक संग्रहाचे गुणदोष त्यांत आलेच. पालग्रेव्हच्या १८६१ च्या पहिल्या आवृत्तींत डन् हा कवि नव्हता; त्यामुळें त्या पुस्तकावर वाढलेल्या वाचकांना असा कवि झाला याची वार्ताहि लागली नसेल. कारवाँची निवड तर एका कंपनीच्या भांडारांतली आणि लोकप्रियतेच्या कसोटीवर उतरलेली. जें सर्वांना आधींच आवडलें आहे तेंच तें पुन्हां देतें. नवा कान घडविण्याची महत्त्वाकांक्षा त्यांत नाहीं. आठवणींना गोंजारणें हा त्याचा धंदा आहे, आणि तो तें उत्तम करतें.

असें असूनहि मी या पेटीचा ऋणी आहें. वडिलांच्या पंचाऐशींव्या वर्षीं आम्हीं ती त्यांच्या खाटेशेजारीं ठेवली. त्यांच्या तरुणपणीं त्यांनीं सवाई गंधर्वच्या रात्री जागविलेल्या. सिनेमाच्या गाण्यांविषयीं त्यांचें मत फारसें आदराचें नव्हे. एके दिवशीं एक अगदींच सामान्य गाणें लागलें तेव्हां मी उठून पुढच्या गाण्याची कळ दाबावयास गेलों. त्यांनीं हातानेंच मला थांबविलें. "असूं दे. म्हणतोय ना तो? मध्येंच थांबवूं नये." गाणारा चाळीस वर्षांपूर्वींच वारला होता. तरी वडिलांनीं त्याला पुरें म्हणूं दिलें, आणि संपल्यावर, त्यांना तें आवडलें नव्हतें हें माझ्याकडे पाहून नीट दर्शविलें. शिवाय या पेटीला ध्वनिवर्धक असल्यामुळें खोलींतल्या सर्वांना तेंच ऐकावें लागे. स्वयंपाकघरांतून सौभाग्यवती एखाद्या ओळीला गुणगुणून साथ देई, आणि मोरितांनीं नारिंगी कळीनें जें साधूं पाहिलें तें आमच्या घरीं थोडेंबहुत साधे.

तरुणांविषयींहि मी अगदींच निराश नाहीं. परवां एस.टी.नें साताऱ्याहून येतांना पुढच्या बाकावर दोन मुली बसल्या होत्या. टेलिफोन एक, त्याची तार एक. तिचें एक टोंक एकीच्या डाव्या कानांत, दुसरें दुसरीच्या उजव्या कानांत. मुद्रणांत उजवी-डावी बाजू वेगळी असली तर प्रत्येकीच्या वांट्याला अर्धेंच गाणें येत असणार. कात्रजच्या बोगद्यापर्यंत दोघी तशाच डोकीं जुळवून बसल्या होत्या, आणि तेवढ्या वेळांत एकीनेंहि गाणें बदलावयास हात पुढें केला नाहीं. बदलावयाचें तर दुसरीला विचारावें लागलें असतें.

गेल्या वर्षीं थोरल्या काकांचें घर विकलें तेव्हां आत्याची ट्रंक माझ्याकडे आली. तिला जाऊन आतां बरींच वर्षें झाली. ट्रंकेंत वॉकमन होता. त्याचा रबरी पट्टा वितळून डांबरासारखा चिकट झालेला. तो नवा बसवून घेतला. खालीं एकतीस कॅसेटी निघाल्या आणि सगळ्या डब्यांवर हरिपाठ, अभंग, स्तोत्रें. मीं आणून दिलेल्या एकदोन सोडल्या तर बाकीच्या तिनें कोणाकडून मिळविल्या हें मला माहीत नाहीं. कॅसेटींवरच्या चिठ्ठ्याहि तिनें खरवडून काढल्या आहेत. त्यामुळें कोणत्या डबींत काय आहे तें वाजवून पाहिल्यावांचून कळत नाहीं. कन्या आणि मी रविवारीं एकेक काढून बसतों. हेडफोनची जागा एकच असल्यामुळें तिनें कुठून तरी दोन फांटे असलेली तार पैदा केली आहे. आजवर नऊ झाल्या. पहिल्या बाजूस खरोखरीच भजनें असतात. म्हणून प्रत्येक वेळीं दुसऱ्या बाजूच्या शेवटापर्यंत थांबावें लागतें.